उसनी पेठ

काही म्हणजे काही करायचं नाही, एवढं एकच काम जीवराम नानांनी पेठेला सांगितलं होतं. माणसांना सगळं जमतं हो. नेमकं हेच जमत नाही.

नांदवणची ही कमानपेठ. सोनगीर सोडून शिरपूरकडे निघालं की वाटेत नांदवण लागतं, म्हणजे पूर्वी लागायचं. तेव्हा मोठा रस्ता पेठेतूनच जायचा. एस.टी. कमानीखाली थांबायची, आणि सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस खाली उतरला की त्याचं दुसरं पाऊल थेट कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या ओट्यावर पडायचं. लग्नाची भांडी, लुगडी, बैलांच्या घुंगुरमाळा, पोरांना शेव-जिलेबी, सगळं बांधून घेऊनच तो माघारी जायचा. मग सरकारनं गावाबाहेरून बायपास काढला आणि एस.टी. स्टँडही उचलून तिकडे नेलं. झालं! उतारू तिथंच उतरतो, तिथल्याच टपरीवर चहा पितो आणि तिथूनच दुसरी गाडी धरून धुळ्याला खरेदीला जातो. एवढ्या उन्हातून पायी पेठेत कोण मरायला येतो? दोन-चार वर्षांत पेठेतली अर्धी दुकानं कुलपात गेली. उरलेली उघडी होती, पण ती कशासाठी, तर घरी बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा दुकानात माशा मारलेल्या बऱ्या म्हणून.

नानांचं भांड्यांचं दुकान त्यातलंच. त्यांचा एकुलता मुलगा रुपचंद वैतागून सुरतेला गेला आणि कापडाच्या गिरणीत लागला. जाताना बापाला म्हणाला, ज्या दिवशी पेठेत परत एस.टी. येईल त्या दिवशी मी बिस्तरा गुंडाळून परत येईन, आणि तोवर मला बोलावू नका. पोरगं बापासारखंच हट्टी. नाना म्हणाले, ठीक आहे, आणतोच मी एस.टी.

तेव्हापासून हा माणूस कचेऱ्यांचे खेटे घालतोय. नगरपालिका म्हणाली धुळ्याला जा, धुळ्याचे साहेब म्हणाले हे मुंबईचं काम, आणि मुंबईत गेलं तर तिथला कारकून म्हणतो, तुमच्या नगरपालिकेचा ठराव कुठाय? नानांचं म्हणणं काय होतं हो असं मोठं? रोजच्या चार गाड्या पेठेतून वळवा. आठवडे-बाजारासाठी छपराचे ओटे बांधून द्या, म्हणजे डोंगराकडच्या बाया चारोळी अन् डिंक घेऊन सावलीत बसतील, आणि विकून आलेला पैसा इथंच खर्च करतील. गावाचा पैसा गावात फिरला तर दुकानदार आपली दुकानं आपणच रंगवतील, त्यासाठी सरकार कशाला हवं? हे सगळं नाना इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना सांगून चुकले होते, की झोपेतसुद्धा त्याच क्रमानं बोलायचे, असं त्यांची बायको झुंबरबाई सांगायची.

नगरपालिकेतल्या मंडळींना मात्र बायपासवर नवं व्यापारी संकुल हवं होतं. काचेची दुकानं, वर गच्ची, खाली गाड्या लावायला जागा. जुन्या पेठेत काय ठेवलंय, असं त्यांचं उघड म्हणणं होतं. नाना सभेत उठून भांडले, तर एक सभासद हसून म्हणाला, नाना, तुम्हाला पण एक गाळा देऊ की. नानांच्या डोक्यात अशी तिडीक गेली की ते चप्पल न घालताच सभेतून बाहेर पडले आणि मग चपलेसाठी परत आत जावं लागलं.

आणि अठ्ठ्याऐंशी साली एकदाची सरकारची एक योजना आली. ओस पडत चाललेल्या जुन्या बाजारपेठा पुन्हा उभ्या करायची. अट एकच. मुंबईची पाहणी समिती येणार, पेठ खरोखर बुडत चाललीय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, आणि पटलं तर पैसा, त्याबरोबर पेठेतून एस.टी.ही. नाही पटलं, तर तो पैसा दुसऱ्या गावाला, आणि नांदवणला मग बायपासवरचं संकुल आहेच.

नानांनी पेठेला तोतारामच्या हॉटेलात गोळा केलं. तोताराम म्हणजे नानांचा सख्खा शेजारी, शेव-भाजी आणि चहाचं हॉटेल चालवणारा, जिवाला जीव देणारा माणूस. नाना उभे राहून म्हणाले, हात जोडून सांगतो, काही करू नका. कुलपं आहेत तशी लटकू द्या. गटार वाहतेय तशी वाहू द्या. रस्त्यात कुत्री झोपली असतील तर त्यांना उठवू नका. समितीला आपले हाल दिसू देत, बास. सगळ्यांनी माना डोलावल्या. तोताराम तर सगळ्यांच्या वर डोलावत होता.

आता पेठेची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणालाच कळायचं नाही. पेठेत कुणाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे येणार असले, की अख्खी पेठ त्या घराला लागायची. मुलीच्या बापाचं दुकान रिकामं दिसता कामा नये. मग कुणी आपले कापडाचे गठ्ठे तिथं नेऊन रचणार, कुणी तराजू देणार, कुणी आपलीच माणसं गिऱ्हाईक म्हणून तिथं उभी करणार. पाहुणे गेले की ज्याचं त्याला परत. पेठेतल्या कितीतरी मुली अशाच चांगल्या घरी पडल्या. आणि या कामात पुढारी कोण? जीवराम नाना. कुठला हंडा कुठं ठेवला की भरल्यासारखं दिसतं, हे त्यांनीच तर सगळ्यांना शिकवलेलं.

पाहणीच्या आदल्या दिवशी नाना धुळ्याला गेले. समितीबरोबर जीपमधून यायचं, वाटेत सगळं समजावून सांगायचं, असा बेत. निघताना बघतात तर झुंबरबाईंनी माळ्यावरची रुपचंदची खाट खाली काढलेली आणि नवी सुंभाची दोरी आणून ठेवलेली. नाना म्हणाले, अजून कशात काही नाही आणि तू खाट कसली विणतेस? ती म्हणाली, तुम्ही तुमचं काम करा. नाना निघाले, आणि एस.टी.त बसल्यावर त्यांना बरं वाटत होतं.

समितीचे मुख्य होते कर्णिक साहेब. शांत माणूस, कमी बोलणारा, आणि नानांच्या नशिबानं ऐकून घेणारा. धुळ्यापासून सोनगीरपर्यंत नाना बोलत होते आणि साहेब मान हलवत होते. किल्ल्याचा डोंगर मागं पडला तेव्हा साहेब म्हणाले की तुम्ही सांगता तसं असेल तर मला फार विचार करावा लागणार नाही. नानांचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत कुठल्याही साहेबानं त्यांना असं धड वाक्य दिलं नव्हतं.

जीप कमानीपाशी आली आणि नानांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्या गावात आलो.

कमानीला आंब्याच्या डहाळ्या. रस्त्यावर सडा, त्यावर रांगोळ्या. गटारीवर फळ्या आणि फळ्यांवर लग्नातली सतरंजी. जी दुकानं कुलपात होती ती सताड उघडी, आणि आत माल खच्चून भरलेला. आणि माणसं! आजूबाजूच्या गावांतले सगळे सोयरेधायरे ट्रॅक्टर भरभरून आणले होते, आणि ते पिशव्या हातात घेऊन या दुकानातून त्या दुकानात नुसते फिरत होते. नानांच्या स्वतःच्या दुकानात पितळी हंडे, घागरी, पराती अशा झळकत होत्या की डोळे दिपावेत. त्यातला निम्मा माल तर घराघरांतला वापरातला होता. एका परातीवर कालच्या भाकरीचं पीठ नानांना लांबून दिसत होतं.

तोताराम हार घेऊन पुढं आला. नवं धोतर, कपाळाला गंध, चेहऱ्यावर अशी खुशी की जणू त्याच्याच घरी लग्न. साहेबांच्या गळ्यात हार घालून तो नानांच्या कानाशी लागला आणि म्हणाला, बघा, कशी ठेवली पेठ!

नानांचा हात त्याच्या गळ्याकडेच जायचा होता, पण साहेब बघत होते. दातांवर दात धरून त्यांनी विचारलं, हे काय करून ठेवलंस? तोतारामला प्रश्नच कळला नाही. तो आणखी जवळ येऊन सांगायला लागला. पेठ सजलीच होती, तर म्हटलं कमलबाईच्या कुंदाला दाखवायचं कामही उरकून घेऊ. शिरपूरकडच्या वनाभाऊंना, मुलाच्या बापाला, आजच बोलावून घेतलंय. एका खर्चात दोन कामं. ते कमलबाईच्या दुकानात बसलेतसुद्धा.

कमलबाई म्हणजे पेठेतल्या पुनाची विधवा. पुनाचं लुगड्यांचं दुकान. तो गेला आणि दुकान बंद पडलं, ते आज उघडलं होतं. कुंदा ही तिची मुलगी, लग्नाची. दोन ठिकाणी नकार आलेला, आणि दोन्ही वेळा कारण एकच, घरात मिळवता पुरुष नाही. नानांना हे सगळं माहीत होतं. पुनाच्या मयतीला खांदा देणाऱ्यांत नाना होते.

मग सुरू झाली पाहणी. साहेब एकेका दुकानात जातात, विचारतात, धंदा कसा? आणि जो तो छाती काढून सांगतो, देवाच्या कृपेनं झकास. अरे, देवाच्या कृपेनं काय झकास? काल संध्याकाळी तूच माझ्याकडून चहासाखर उसनी नेलीस! नाना मनात शिव्या घालत होते आणि तोंडानं काहीच म्हणू शकत नव्हते. कुणी धंदा बुडाला म्हणून सांगतच नाही, कारण धंदा बुडाला म्हटलं की पेठेत उधारी बंद होते आणि लग्नात मान कमी होतो. हे इतकं हाडीमांसी मुरलेलं की सरकारनं पैसा द्यायला हात पुढं केला तरी माणूस म्हणतो, नको, मजेत आहे.

साहेबांबरोबर समितीची माणसं होती आणि नगरपालिकेचे दोघे होते. ते तर गालातल्या गालात हसत होते. त्यांना आयतं घबाड मिळालं होतं. एक जण साहेबांना ऐकू जाईल असा म्हणाला की पेठेचं काही वाईट नाही चाललेलं, उगाच ओरड.

साहेब मात्र भोळे नव्हते. चालता चालता त्यांनी एका दुकानातलं लुगडं उचलून बघितलं, पुढच्या दुकानात तसंच दुसरं बघितलं, आणि नानांकडे वळून बघितलं. नानांना वाटलं, कळलं यांना. आता एक शब्द आपण बोललो की झालं. आणि नेमके सगळे येऊन थांबले ते कमलबाईच्या दुकानात.

आत गादीवर वनाभाऊ बसलेले. मोठं पागोटं, हातात चहाची बशी. बाजूला त्यांचा भाऊ. कुंदा आतल्या दाराशी पोह्यांचं ताट घेऊन उभी. कमलबाई गल्ल्यापाशी, पुना बसायचा त्या जागी, नीट पदर घेऊन. तिच्या मागं कप्प्यांत लुगड्यांच्या घड्या रचलेल्या, एकही तिची नाही. ती ऐटीत उभी होती. पुना जिवंत असताना ती अशी उभी राहायची.

साहेबांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि हळू आवाजात विचारलं, "नाना, तुम्ही खोटं बोलणारे वाटत नाही. मला एकच सांगा. रोज असंच असतं का इथं?"

वनाभाऊंनी बशी खाली ठेवली. कमलबाई नानांकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात विनवणी नव्हती, नुसता विश्वास होता. तेच वाईट. विनवणी असती तर नाना कदाचित बोलले असते. नानांना रुपचंद दिसला, त्याची खाट दिसली, एस.टी. कमानीखाली थांबताना दिसली. हे सगळं उसनं आहे, एवढे चारच शब्द तर बोलायचे होते. ते ओठांपर्यंत आले आणि तिथून माघारी गेले.

"असतं," नाना म्हणाले. "सणासुदीला जरा जास्त असतं."

साहेबांनी मान हलवली. मग ते फार वेळ थांबले नाहीत.

नाना जीपमागं धावले. कमानीच्या बाहेर, कुणी जवळ नाही असं बघून त्यांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं. हा माल उसना आहे, माणसं उसनी आहेत, त्या बाईच्या मुलीची सोयरीक होती म्हणून मी आत बोललो नाही. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मी आत सगळ्यांसमोर विचारलं, समितीच्या माणसांसमोर, नगरपालिकेच्या माणसांसमोर, आणि तुम्ही हो म्हणालात. आता मुंबईत जाऊन मी काय सांगू, की डोळ्यांनी भरलेली पेठ बघितली पण ती रिकामी आहे असं मला जीपपाशी एकानं सांगितलं? त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणून नानांना भांडताही येईना. साहेब एवढंच म्हणाले की दुसऱ्या एका गावानं सडलेली पेठ तशीच दाखवली, त्यांना देतोय. जीप गेली.

दुपार कलली तशी पेठ परत रिकामी व्हायला लागली. ट्रॅक्टर गेले. ज्यानं त्यानं आपापली भांडी, आपापले कपडे उचलले. फळ्या निघाल्या, गटार पुन्हा दिसायला लागली. सगळे खूश होते, कारण कुंदाची सोयरीक पक्की झाली होती आणि साहेबांनी कुठल्याही दुकानाला नावं ठेवली नव्हती. कमलबाई नानांना वाटेत भेटली, आणि तिनं हसून विचारलं, "आते येस्टी येई ना, नाना?" नाना पुढं निघून गेले.

तोताराम हॉटेलात कढई घासत होता. नानांनी त्याला धरला आणि मनात होतं ते सगळं काढलं. चार वर्षं मी कुत्र्यासारखा फिरलो, तुला एक काम सांगितलं होतं, काहीही न करायचं, तेवढंही तुझ्याकडून झालं नाही. माझ्या पोराला तू सुरतेत गाडलंस. तोताराम ऐकत राहिला. त्याचा चेहरा उतरत उतरत गेला, कारण त्याला आता कळत होतं. शेवटी तो खाली बघून म्हणाला, "पाव्हनासले उघडं घर कोनी दखाडस का, नाना?"

पाहुण्यांना उघडं घर दाखवायचं नाही, हे त्याला शिकवलं कुणी, तर नानांनीच. ते तसेच तिथल्या बाकड्यावर बसून राहिले. तोतारामनं पुढं ठेवलेला चहा थंड झाला.

ऊन उतरल्यावर वनाभाऊ निघाले. पाव्हण्यांना बायपासपर्यंत पोचवायला कुणीतरी जायला हवं. पेठेच्या रीतीनं ते काम नानांचं. मनातून जळत असले तरी नाना उठले. भाऊ पुढं चालत होता, आणि नाना नि वनाभाऊ मागं. वनाभाऊंचा चेहरा घामानं निथळत होता. अर्धी वाट झाल्यावर ते हसायला लागले. म्हणाले, त्या कमलबाईच्या दुकानातली वरच्या कप्प्यातली लुगडी, त्यांच्या पलीकडच्या दुकानातली ना? त्या दुकानाच्या नावाची चिठ्ठी काढायची राहिली होती.

नाना थबकले. वनाभाऊ म्हणाले, "आमना गावले बी असंच करतस, नाना. आम्ही पोर दखाले उनूत, दुकान नही." मग सांगत राहिले की पोरगी गेल्या महिन्यात धुळ्याला नात्यातल्या लग्नात बघितली होती, तेव्हाच ठरवलं होतं. आई विधवा आहे, दुकान बंद आहे, सगळं माहीत होतं. आज नुसतं रीत म्हणून आलो, उगाच तुम्ही लोकांनी एवढी तसदी घेतली.

म्हणजे बोललं असतं तरी चाललं असतं. त्या दुकानात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगितलं असतं की हे सगळं उसनं आहे, तरी हा माणूस बशी उचलून चहा प्याला असता आणि कुंदाला सून करून घेऊन गेला असता. नानांना रस्त्याकडेचा दगड उचलून कुणाला तरी मारावासा वाटला, आणि मारायला कुणीच नव्हतं.

बायपासवर पोचेपर्यंत वनाभाऊंनी उपरण्यानं तीनदा तोंड पुसलं. लांबून शिरपूरची गाडी दिसली तसे ते म्हणाले, "इतली मोठी पेठ, अन् येस्टी काबर नही येत तिथे? तुम्ही सरकारले सांगतस नही का?"

नानांनी त्यांच्याकडे बघितलं. माणूस खरोखर काळजीनं विचारत होता.

"आजच सांगानं व्हतं," नाना म्हणाले. "राही गयं."

गाडी थांबली, पाव्हणे चढले, गाडी गेली. नाना तीच वाट परत चालून आले. कमानीच्या डहाळ्या तेवढ्यात सुकल्या होत्या. घरी आले तर ओट्यावर रुपचंदची खाट विणून तयार, ताठ, चारी पायांवर उभी, आणि झुंबरबाई दोरीच्या शेवटच्या टोकाची गाठ मारत होती. तिनं मान वर करून नानांचा चेहरा बघितला. ती उठली, तिनं खाटेचं एक टोक धरलं, नानांनी दुसरं धरलं, आणि दोघांनी ती परत माळ्यावर चढवली.